रोमन मेंढरं आणि माझे आबा

मला एक खोड आहे. शब्द दिसला की त्याचं गाव कुठलं, घराणं कोणतं, इकडं कुठल्या वाटेनं आला, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यातही जुने लॅटिन आणि फ्रेंच शब्द म्हणजे माझा जीव की प्राण. सोलापुरात एका ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. धड्यात 'कर्फ्यू' आला की धडा तिथंच थांबतो. मग मी सांगत बसते, की हा मूळचा फ्रेंच, आणि त्याचा अर्थ 'विस्तव झाका'. जुन्या काळी संध्याकाळी घंटा झाली की घरोघरी विस्तवावर राख ओढायची, म्हणजे लाकडी घरांना आग लागायची नाही. मुलं मन लावून ऐकतात, कारण तेवढा वेळ व्याकरण टळतं. पाठीमागं ती मला 'लॅटिनबाई' म्हणतात, हेही मला माहीत आहे. मला राग येत नाही. इतकी वर्षं नोकरी करून निदान एक पदवी तरी मुलांनी दिली.

माझं म्हणणं असं, की सोलापूरकर रोज लॅटिन बोलतो, फक्त त्याला हे कुणी सांगितलेलं नाही. सात रस्ता चौकात उभं राहून एखादा विचारतो, "गाडी व्हाया मोहोळ जाणार का?" त्यातला 'व्हाया' अस्सल लॅटिन, म्हणजे 'वाटेनं'. डॉक्टरच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात शेपटीला फुली मारलेला आर असतो ना, तो 'घे' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दातला. 'घ्या' नव्हे, 'घे'. म्हणजे डॉक्टरलोक पिढ्यानपिढ्या आपल्याला अरेतुरे करत आले आहेत आणि आपण वर त्यांना नमस्कार करतो. लग्नपत्रिकेच्या तळाला पूर्वी आर.एस.व्ही.पी. छापायची फॅशन होती. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'कृपया उत्तर द्यावे'. आमच्या नात्यागोत्यात अजून एकानंही उत्तर दिलेलं नाही. सगळे सरळ जेवायलाच येतात.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आबा माझ्याकडं राहायला आले. आबा म्हणजे माझे वडील. माळशिरस तालुक्यात कालव्याचं पाणी जिथं पोचलं नाही, अशा माळावर आमचं गाव. आबांची सगळी हयात मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. मग आई गेली, गुडघे कुरकुरायला लागले, कळप चुलतभावाकडं गेला. एकदा सकाळी आबा अंगणात पडले आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. मी एकुलती एक. दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन गेले आणि त्यांना घेऊन आले. गाडीत बसताना त्यांनी एकच अट घातली.

"एक म्हयना बगतो. न्हाय जमलं तर गुमान आणून सोडायचं. रडायचं न्हाय."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, महिनाभरात असं काही करीन की गावाची आठवणच यायची नाही. बाईंचा आत्मविश्वास तो, दुसरं काय!

पण आबा जेवेचनात.

मी त्यांची बडदास्त ठेवण्यात कसूर केली नव्हती. संध्याकाळी सातला त्यांचं पान. टेबलावर ताट, पाण्याचा तांब्या, मीठ-लिंबू, शेंगाचटणी, त्यावर तेल. मी ओट्याशी उभी, आणि तव्यावरची फुगलेली भाकरी थेट त्यांच्या ताटात. त्यांचं झालं की मी पेपर तपासायला बसायची. नवरा बँकेतून यायला नऊ वाजायचे, मग आम्ही दोघं जेवायचो, सुट्टीच्या दिवशीही तीच वेळ. बापाला आधी, गरम आणि निगुतीनं वाढायचं, ह्यापरतं सुख लेकीला कुठलं? पण आबा अर्धी भाकरी चिवडायचे, ताटाला नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "बास. लई झालं." ज्या माणसाला मी लहानपणी तीन भाकरी दुधात चुरून ओरपताना पाहिलं होतं, त्याचं हे लई!

मी दात दाखवून आणले. दात ठणठणीत. रक्त तपासलं. रक्तही बरं. मग मला वाटलं, पीठ पसंत नसेल. आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मावशी वळसंगच्या. त्यांनी घरच्या शेतातली ज्वारी आणून दिली. ती दळून आणली. आबा म्हणाले, "ज्वारी झ्याक हाय," आणि पुन्हा अर्धीच खाल्ली. शेवटी मी धीर करून विचारलं, की लेकीच्या घरचं अन्न खाऊ नये असं जुनी माणसं मानायची, तसं काही आहे का? आबा चिडले. "तसलं काय न्हाय. मला काय येड लागलंय? भूक न्हाय तर काय करू?" दोन आठवड्यांत त्यांचा सदरा खांद्यावर लोंबायला लागला. मला भीती वाटायला लागली. महिन्यानं ते गावी जातील, आणि त्या रिकाम्या घरात पुन्हा एखाद्या सकाळी पडतील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

जेवणाचं जमेना म्हणून मी गप्पांच्या मागं लागले. दुपारी चारचा चहा आम्ही गॅलरीत घ्यायचो. खाली रस्त्यावरून गाड्या जायच्या. आबांशी बोलताना माझी बाईंची भाषा गळून पडते. मी म्हटलं, "आबा, बस म्हंजी काय, ठावं हाय का?"

"बस म्हंजी बस. तीत बसायचं. जागा मिळाली तर."

मी सांगितलं, की मूळ शब्द 'ऑम्निबस', लॅटिनमधला, म्हणजे 'सगळ्यांसाठी'. फ्रान्सात सगळ्यांनी बसायची घोडागाडी निघाली, तिला हे नाव पडलं. पुढं लोकांनी आळशीपणानं पुढचा भाग टाकून दिला आणि नुसतं 'बस' ठेवलं.

आबांनी बशीतला चहा थांबवला. "म्हंजी सगळा बकरा टाकून दिला आन् शेपूट ठेवलं?"

"व्हय. शेपूटच."

आबा इतके हसले, की चहा सदऱ्यावर सांडला. माझ्याकडं आल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते. मला तर आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी मी शब्द निवडूनच ठेवला.

"आबा, इंग्रजीत रायव्हल म्हंत्यात. म्हंजी प्रतिस्पर्धी, वैरीच म्हणा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काय, सांगा बरं? एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा."

ह्यावर आबा हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान डोलवली. "खरं हाय. तेंच्याकडं बी पाण्याच्या पाळ्या व्हत्या म्हणायच्या." मग त्यांनी मला एक तासभर, कुठल्या गावात कुठल्या दोघा भावांनी पाण्याच्या पाळीवरून एकमेकांच्या लग्नाला जायचं कसं सोडलं, मेंढरं पाण्यावर न्यायची तर दोघांनाही रामराम कसा घालावा लागायचा, ते सांगितलं. मी मध्ये एक अक्षर बोलले नाही. वर्गात मला असं गप्प बसवणारा अजून जन्मायचा आहे.

मग सपाटाच सुरू झाला. तापात बरळण्याला इंग्रजीत 'डिलिरियम' म्हणतात, आणि त्याचं मूळ 'तास सोडून जाणं', म्हणजे नांगर सरळ रेघ सोडून भलतीकडं भरकटणं, हे ऐकून आबा म्हणाले, "शेतकऱ्यानंच काडला आसनार त्यो शब्द." लोक मोठमोठ्या हॉटेलांत 'सेमिनार' घेतात, तो मुळात रोपं लावायचा वाफा, हे ऐकून म्हणाले, "मग उगवतं का काय तितं?" मी म्हटलं, क्वचित. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. त्यावरून एकत्र जमण्याचा 'काँग्रिगेट', वेगळं काढण्याचा 'सेग्रिगेट', आणि कळपात उठून दिसणाऱ्याचा 'इग्रीजस', असे तीन शब्द इंग्रजीत आले. आबांनी तिन्ही दोन-दोनदा म्हणायला लावले आणि ठरवून टाकलं, की रोमन लोक आपल्यातलेच.

"कुटं मेंढरं चारायची ती मानसं?"

"इटलीत, आबा. लई लांब."

"आसू दे की. मेंढराला कुटं कळतंय लांब काय आन् जवळ काय?"

मी एक दोनशे पानी वही आणली. एका पानावर लॅटिन शब्द, समोरच्या पानावर आबांचं म्हणणं. समोरची पानं नेहमी जास्त भरायची. मी खूश, आबा खूश. आणि सात वाजता पुन्हा तेच. पान वाढलेलं, मी तव्याशी उभी, आबा मुकाट्यानं घास चिवडत. दुपारच्या चहाला रोमन लोकांना आपल्यात ओढून घेणारा माणूस टेबलाशी बसला की पाहुण्यासारखा अंग चोरून बसायचा. मला काही केल्या उमजत नव्हतं.

महिना भरायला चार दिवस राहिले होते, त्या रविवारी सकाळी माझं व्याख्यान होतं. सात रस्त्याजवळच्या एका वाचनालयात ज्येष्ठ मंडळी जमतात, कुणाला तरी बोलावतात, शेवटी चहा-चिवडा असतो. विषय माझाच, जुन्या लॅटिन आणि फ्रेंच शब्दांच्या जन्मकथा. आबा म्हणाले, मी बी येतो. मला धस्स झालं. खरं सांगते, मला त्यांची लाज वाटली नाही, माझीच वाटली. माझ्या बापानं मला कधी व्यासपीठावर पाहिलं नव्हतं. मी टिपणं पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली.

तीसेक माणसं होती. आबांनी शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर घोंगडं घातलं आणि त्यावर बसले. मी बसपासून सुरुवात केली. शेपटाचं आबांचं वाक्य चोरून वापरलं, टाळी मिळाली. मग सांगितलं, की बोलणारा विषय सोडून भरकटला की फ्रेंच माणूस म्हणतो, 'परत आपल्या मेंढ्यांकडं वळू या'. एका जुन्या फार्सात मेंढ्यांच्या खटल्यात वादी भलतंच काहीतरी बडबडायला लागतो, तेव्हा न्यायाधीश वैतागून असं म्हणतो, आणि तेव्हापासून ते फ्रेंचांच्या बोलण्यात रुतून बसलं. मूळ फ्रेंच मी वर्गात उच्चारत नाही, त्यात शेवटी मेंढ्यांना 'मुतों' म्हटलंय आणि अकरावीची मुलं त्या शब्दाला हसत सुटतात. इथं उच्चारलं. ज्येष्ठ मंडळीही हसत सुटली.

मग मी माझा ठेवणीतला शब्द काढला. 'कंपॅनियन', सोबती. त्याचाच भाऊ 'कंपनी', आपण म्हणतो ना, 'जेवायला कंपनी द्या', तो. लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे बरोबर आणि 'पानिस' म्हणजे पाव. जुन्या फ्रेंचांच्या तोंडून तो इंग्रजांकडं आला. "म्हणजे सोबती कोण?" मी हात उंचावून विचारलं. "जो आपल्याबरोबर बसून पाव खातो तो. आपल्या भाषेत, ज्याच्याबरोबर आपण भाकरी खातो तो." हे वाक्य मी कितीतरी वर्गांत म्हटलं आहे. ह्याला दरवेळी क्षणभर शांतता मिळते, आणि ती मला फार आवडते.

त्या शांततेत शेवटच्या रांगेतून आवाज आला. "बराबर हाय."

सगळे मागं वळले. वाचनालयाचे चिटणीस मोठे हौशी. ते म्हणाले, "आजोबा, उभं राहून सांगा की."

आबा उभे राहिले. भाषणाची सवय नसली तरी माळावर हाक मारायची सवय होती, माइक लागला नाही. "बाजारातनं नवं मेंढरू आणलं, की त्ये दोन-तीन दिस तोंड लावत न्हाय. चारा कसा का कवळा आसंना. नुसतं हुबं ऱ्हातं आन् बगतं. मग आमी एक जुनी मेंढी तेच्या गळ्याशी बांदतो. ती खाल मान घालून चरती. तिचं तोंड चालताना बगितलं, कुरूकुरू आवाज आयकला, की ह्येचं बी चालू व्हतं. भुकेनं खात न्हाय त्ये. सोबतीनं खातं."

टाळ्या पडल्या. चिटणीसांना राहवेना. "आणि माणसाचं हो, आजोबा?"

"मानसाचं काय निराळं आसतंय व्हय? रातच्याला कुणाच्या शेतात मेंढरं बसवली की आमी पाच-सा जण एका परातीत जेवायचो. कोन किती खातंय, कळायचं बी न्हाय."

"आणि आता?"

"आता काय, आता टेबल हाय की," आबा कौतुकानं म्हणाले. "सातला जेवतो. माजी लेक, ही बगा, हीच, गरम भाकरी करून घालती. लई माया करती. मी खातो आन् ती हुबी ऱ्हाऊन बगती."

सगळे मायेनं हसले. एका आजींनी माझ्याकडं बघून किती नशीबवान असा हातही केला. मला पुढचं वाक्य आठवेना. टिपणं हातात होती, अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती. उरलेले तीन शब्द मी टाकून दिले, आभार मानले आणि खाली बसले.

आमच्या घरात बापाच्या पंगतीला लेक बसत नाही. आधी गडीमाणसं, मग बायका. हे मला कुणी शिकवलं नाही आणि मी कधी तपासलं नाही. कॉलेजात महिला दिनाला बायकांच्या हक्कांवर मीच भाषण ठोकते. घरी नवऱ्याबरोबर मी रोज एका टेबलावर जेवते. पण आबांसमोर ताट घेऊन बसावं, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. मान म्हणून मी त्यांना आधी वाढत होते, आणि मान म्हणूनच सव्वीस दिवस त्यांना एकटं जेवायला लावत होते. इतका राग आला मला माझा!

रिक्षात तो राग त्यांच्यावरच निघाला. "मला सांगायचं न्हाय का, आबा?"

"काय सांगायचं?"

"एकट्याला जेवण जात न्हाय म्हणून!"

आबांनाही ते तेव्हाच समजत असावं. "तू चांगलंच करत व्हतीस की," ते म्हणाले. "चांगल्याला नाव कसं ठेवायचं?"

त्या संध्याकाळी मी भाकऱ्या आधीच थापून दुरडीत झाकून ठेवल्या. टेबल भिंतीला सरकवलं आणि खाली तीन पानं मांडली. रविवार असल्यानं नवरा घरीच होता. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, पण आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत, की माझा चेहरा बघून तो मुकाट्यानं मांडी घालून बसला. आबा आले आणि थबकले.

"ह्ये तिसरं कुणाचं?"

"माजं."

"तू बसल्यावर भाकरी कोन करनार?"

"करून ठेवल्यात. आज गार खायच्या."

"गार?" आबांनी दुरडीकडं असं पाहिलं, की मला हसूच फुटलं. मग तेही हसले. "माळावर तरी कुटं गरम मिळायच्या म्हणा," असं म्हणत गुडघ्यावर हात टेकून खाली बसले.

बसले, पण जेवायला सुरुवात करेनात. नवऱ्यानं पहिला घास घेतला, तरी आबांचा हात ताटाशीच. मला वाटलं, संपलं, हेही फसलं. मग लक्षात आलं, ते माझ्याकडं बघत होते. मी घास घेतला. बापासमोर तोंड हलवायची मला इतकी लाज वाटली, की घास गिळता गिळेना. पन्नाशी उलटलेली बाई मी, वर्गात ऐंशी मुलांसमोर खडू आपटते, आणि तिथं भाकरीचा तुकडा गालात धरून नव्या नवरीसारखी बसले होते. "चाव की," आबा म्हणाले. मी चावला. मग त्यांनी पहिला घास घेतला.

चार दिवसांनी महिना भरला, तेव्हा आमचं भांडण चाललं होतं ते संध्याकाळी मेथी की शेवग्याच्या शेंगा ह्यावरून. गावाला जायचा विषय दोघांनीही काढला नाही. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आबा बोलत होते. एकदा चरायला गेले असताना वाट चुकून एका लग्नाच्या मांडवात कळप कसा शिरला, आणि वऱ्हाडानं मेंढरांना अक्षता कशा टाकल्या, ते सांगत होते. नवऱ्याला हसून हसून ठसका लागायची वेळ आली. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापाला जेवताना समोर बसून पाहत होते. बोलण्याच्या नादात त्यांची पहिली भाकरी संपली, दुसरी संपली, आणि त्यांना पत्ताही नव्हता. मग त्यांनी दुरडीतून आणखी एक काढली, न बघताच तिचे दोन तुकडे केले, एक माझ्या ताटात टाकला, एक जावयाच्या ताटात टाकला, आणि गोष्ट पुढं सुरू ठेवली. त्यांच्या स्वतःच्या ताटात काहीच उरलं नव्हतं. मी हात पुढं केला, शेवटची भाकरी घेतली आणि मोडायला लागले.

आबा गोष्ट थांबवून म्हणाले, "मोटा तुकडा हिकडं."